पेशंट पाहिजे

सोपानरावांनी एकसष्टाव्या वर्षी रुग्णसेवा सहाय्यकाच्या कोर्सला नाव घातलं, ही बातमी जळोचीच्या त्या गल्लीत फुटली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं की बायको गेल्यापासून माणूस जरा सरकलाय. उरलेल्या निम्म्यांना तसं आधीपासूनच वाटत होतं.

शेजारचे दत्तोबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना फुकटचा सल्ला दिल्याशिवाय चहा पचत नसे. ते त्याच संध्याकाळी येऊन कठड्यावर बसले.

"आवो सोपानराव, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभी हयात गेली तुमची. हजार माणूस तुमच्याफुडं हजेरी लावायचा. आन आता लोकांच्या म्हाताऱ्यांची भांडी उचलणार व्हय?"

"वेळ जात नाही हो," सोपानराव म्हणाले.

"मग दोन कुंड्या लावा की," दत्तोबांच्या सारजाबाई आतूनच ओरडल्या. त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं आणि त्यांचा कान त्या भिंतीच्याही अलीकडे होता. "मेथी लावा. आठ दिसात येती."

बेंगळुरूहून लेक उत्कर्षाचा फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, योगा लावा." म्हणजे जो तो काहीतरी लावायलाच सांगत होता.

खरं कारण सोपानरावांनी कुणालाच सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी अनिताबाई शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात होत्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, मला जरा कुशीवर करा." सोपानराव उठले, हात पुढे केले, आणि तसेच उभे राहिले. कुठं धरायचं? दंडाला धरलं तर सलाईन, कमरेला धरलं तर दुखणार. ते सिस्टरला बोलवायला धावले. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होत्या. त्या येईपर्यंत वीस मिनिटं गेली आणि अनिताबाई तेवढा वेळ छताकडे बघत पडून राहिल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं काही मागितलं असं नाही, आणि मागितलं ते एवढंसं. ते या गृहस्थाला जमलं नाही. हे कुणाला सांगायचं? कुंड्या लावा म्हणणाऱ्यांना?

प्रवेशाचा फॉर्म भरायला घेतला आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. कंप्युटरवर वयाची यादी होती ती पंचेचाळीसला संपत होती. ऑफिसातल्या माणसानं खाली-वर करून पाहिलं आणि "काका, तुम्ही यात बसतच नाही," असं मोठ्या सहानुभूतीनं सांगितलं. मग हाताने अर्ज. मग शाळा सोडल्याचा दाखला. शाळेनं तो दिला, पण त्यावर 'वर्तणूक : बरी' असं होतं, आणि ते 'बरी' सोपानरावांच्या मनाला फार लागलं. आणि मग आलं खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र. शिक्षण सोडल्यापासून आजपर्यंत मध्ये जो खंड पडला त्याचं कारण स्टँपवर लिहून द्यायचं. पोरं एक-दोन वर्षांच्या खंडाचं देतात. सोपानरावांचा खंड चव्वेचाळीस वर्षांचा.

खिडकीवरच्या माणसानं चष्मा वर केला. "मधल्या काळात काय करत होता?"

"नोकरी केली. लग्न केलं. मुलगी झाली. तिचं लग्न केलं. मिसेस वारल्या."

"ते नको हो एवढं. 'घरगुती अडचणीमुळे' लिहितो."

आणि चव्वेचाळीस वर्षं 'घरगुती अडचणीमुळे' या दोन शब्दांत निकालात निघाली. सोपानरावांनी खाली सही केली. सही मात्र झोकात केली. टाइम ऑफिसचा हात होता तो.

कोर्सचा वर्ग बारामतीत, खाली टायरचं दुकान आणि वर वर्ग असा होता. एकोणीस मुलं-मुली आणि सोपानराव. शिकवायला सुकन्या मॅडम. मॅडम वयानं उत्कर्षाएवढ्या, पण नजर अशी की सोपानराव पहिल्याच दिवशी विनाकारण उभे राहिले. युनिफॉर्म आकाशी रंगाचा, आणि शिल्लक राहिलेला एकच, तोही 'मीडियम'. तो घालून सोपानराव बसले की उभे राहताना विचार करून उभे राहत.

सरावासाठी वर्गात एक प्लास्टिकचा पुतळा होता. मागच्या बॅचनं त्याला कुशीवर करताना त्याचा एक पाय खांद्यापाशी नेला होता, तो परत कमरेला बसेना. मॅडम म्हणाल्या, "आजपुरतं कुणीतरी पेशंट व्हा." एकोणीस तरुण चेहरे विसाव्या चेहऱ्याकडे वळले.

सोपानराव आजपुरते पेशंट झाले, आणि तीन महिने पेशंटच राहिले. दिवसातून वीस वेळा त्यांचा ताप घेतला जाई. दोन्ही दंडांवर बीपीचे पट्टे. संस्कृती नावाची सणसरची एक बडबडी मुलगी होती, ती त्यांचे केस विंचरायची आणि विचारायची, "काका, पाणी देऊ? काही दुखतंय का?" पुस्तकात तसं विचारायचंच असतं, हे सोपानरावांना ठाऊक होतं. तरी ते दर वेळी पाणी मागून प्यायचे. दोन वर्षांत त्यांना कुणी शिवलं नव्हतं हो. केस कापणारा सोडला तर नाहीच. घरी गेलं की कुलूप आपणच काढायचं, दिवा आपणच लावायचा, आणि टीव्हीवरची बाई जे विचारील त्याचं उत्तर द्यायचं. म्हणून मॅडम जेव्हा म्हणत, "काका, आज तुम्ही करून बघा," तेव्हा ते म्हणत, "पोरांना करू द्या हो, माझं काय." मोठेपणा म्हणून नव्हे. लबाडी होती ती साधी.

लबाडीचं फळ परीक्षेच्या तोंडावर मिळालं. मॅडमनी फळ्यावर लिहिलं : प्रात्यक्षिक परीक्षा, इंदापूर केंद्र. प्रत्येकानं आपला पेशंट स्वतः आणायचा. पेशंट नसेल तर गैरहजर धरलं जाईल.

संस्कृतीची आजी तयार होती. वर्गातल्या लखनचा मामा तयार होता. एकेका घरातून दोन-दोन पेशंट मिळत होते. सोपानरावांनी टाइम ऑफिसात आयुष्यभर लोकांना गैरहजर लावलं होतं. आता पाळी त्यांची होती. आपण कुणाला सांगू शकतो याची यादी करायला ते कागद घेऊन बसले. वर 'पेशंट' असं लिहून खाली रेघ मारली. रेघेखाली बराच वेळ काही आलं नाही.

शेवटी ते दत्तोबांकडे गेले. "अर्ध्या तासाचं काम आहे. नुसतं खाटेवर पडायचं. मी पाय पुसणार, कुशीवर करणार, बस्स."

दत्तोबा बोलायच्या आत सारजाबाई बाहेर आल्या. "काय बाई बोलणं! धडधाकट माणसानं आजाऱ्यावानी निजायचं? अपशकून असतोय त्यो. आमच्या हिकडं तर जित्या माणसाचे पाय कुणी पुसत न्हाय." गल्लीत आणखी चार घरी विचारलं. एकानं गावाला जायचंय सांगितलं. एकानं विचारलं, "इंजेक्शन देणार का?" नाही म्हटल्यावर त्याची निराशा झाली, कारण त्याला बी-ट्वेल्व्हचं घ्यायचंच होतं.

पेशंट मिळेपर्यंत निदान हात तरी बसावा म्हणून सोपानरावांनी एक शहाणपणा केला. गावात एक मंडळ आजाऱ्यांसाठी खाट, कमोड, वॉकर असं सामान वापरायला देतं. तिथून त्यांनी वरखाली होणारी खाट आणली. भर दुपारी टेंपो गल्लीत आला. खाट उतरली, मागून स्टीलचं बेडपॅन उतरलं, आणि वॉकर मंडळानं आपणहोऊन दिला होता, तोही उतरला. सोपानराव टेंपोवाल्याला "जपून, जपून" म्हणत होते. सारजाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

आत गेल्यावर त्यांनी चादर घातली, उशीला बीपीचा पट्टा बांधून पाहिला, मग स्वतःच्याच दंडाला बांधला. खाटेचा दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. पडून बघितलं. बरं वाटलं, डोळा लागला. तोंड उघडं, दंडाला पट्टा, उशाला वॉकर. सारजाबाईंनी खिडकीतून पाहिलं ते एवढं. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, पण फोनवर सांगितलं. त्यांची बहीण कळसला दिलेली होती, सोपानरावांच्या मूळ गावी.

आता आपल्याकडची रीत अशी की माणूस सुखात असताना नाही गेलं तर चालतं, पण खाटेला खिळला म्हटल्यावर घटकाभर जाऊन यावंच लागतं. मग तो वैरी का असेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिली जीप आली. भावकीतली सहा माणसं उतरली. हातात शहाळी, बिस्किटांचे पुडे. सोपानराव दार उघडायला आले तसे चौघांनी त्यांना धरून खाटेवर नेऊन निजवलं. "उठायचं न्हाय! पडा गप!"

सोपानरावांनी तोंड उघडलं होतं सांगायला. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी अंगावर शाल घातली. कुणी उशी सारखी केली. एक चुलती पायाशी बसून म्हणाली, "किती रोड झालास रं लेकरा," आणि एकसष्ट वर्षांच्या त्या लेकरानं तोंड मिटून घेतलं. दुपारपर्यंत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. स्वयंपाकघरात बायका चहा टाकत होत्या, डबे उघडून "साखर कुठं हाय?" विचारत होत्या. चपलांचा ढीग दाराबाहेर. अनिताबाई गेल्यापासून या घरात एवढे आवाज झाले नव्हते. सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता तीन वाजले.

तीन वाजता गेणबा आले.

गेणबा म्हणजे सोपानरावांचे सख्खे थोरले भाऊ. सहा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण उत्कर्षाचं लग्न. आपल्याकडे लग्नात आधी माइकवरून मान्यवरांची नावं पुकारून स्वागत होतं, मग मंगलाष्टका. यादी सोपानरावांनी स्वतः केली होती, अगदी हजेरीपटासारखी, हुद्द्याप्रमाणे. चेअरमन, संचालक, माजी संचालक, सोसायटीचे सचिव. गेणबा शेतकरी माणूस, हुद्दा कसला? त्यांचं नाव आलं शेवटच्या पानावर, आणि शेवटच्या पानाआधी मुहूर्त आला. नवरीचा सख्खा चुलता मांडवात बसून आपलं नाव ऐकायची वाट बघत राहिला आणि न जेवता उठून गेला. अनिताबाईंच्या वेळी ते आले, खांदा दिला, आणि एक शब्द न बोलता परत गेले.

आता ते खाटेजवळ स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सोपाना," ते म्हणाले, "लई ताणलं रं मी. एका नावासाठी सा वरसं. तू जाऊ नगंस."

सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं. आणि या गृहस्थानं काय करावं? ते खोकले. बारीकसं, दोनदा. गेणबांनी पाण्याचा तांब्या उचलला, एक हात भावाच्या मानेखाली घातला, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काका! परीक्षेचं हॉल तिकीट आणलंय! मिळाला का पेशंट? आणि हे काय, आज तुम्हीच पेशंट? सराव चाललाय वाटतं!"

संस्कृती. युनिफॉर्ममध्ये. चहाचे कप हातात धरून सगळे तिच्याकडे वळले. मग तिनंच, बिचारीनं, सगळ्यांना समजावून सांगितलं. कोर्स काय, इंदापूरची परीक्षा कधी, खाट कुठली, बेडपॅन कशाला. काका कसे ठणठणीत आहेत हे पटवायला तिनं तिथंच बीपी घेऊन दाखवलं. एकशे वीस-ऐंशी.

चुलतीनं शाल काढून घेतली. दत्तोबा छताकडे बघू लागले. गेणबांनी मानेखालचा हात काढला, तांब्या खाली ठेवला, टोपी घातली.

"आजवर कैक माणसं नाटकं करताना बघितली," ते म्हणाले, "पर मरणाचं न्हाय."

पंधरा मिनिटांत घर रिकामं झालं. बिस्किटांचे अकरा पुडे राहिले. सोपानराव खाटेच्या काठावर बसून होते. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून वाईट हे, की त्या आवाजांची आठवण आत्ताच यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं कळसला गेले. गेणबा उसाला पाणी देत होते, दारं धरून. फावड्यानं एक सरी फोडायची, दुसरी बुजवायची. सोपानराव बांधावर उभे राहिले.

"आबा, पेशंट मागायला नाही आलो."

गेणबांनी सरी फोडली. वर पाहिलं नाही.

"मी खोटं बोललो. पण नाटक करायचं म्हणून नाही. घरात माणसं आली आबा. दोन वर्षांनी आली. चहा केला कुणीतरी. मला वाटलं, आज सांगितलं तर लगेच जातील." ते बांधावरून एक पाऊल खाली आले. "अनितानं मला कुशीवर करायला सांगितलं होतं. मला येत नव्हतं. म्हणून शिकतोय हे. आणि यादीचं म्हणाल तर ती माझी चूक. तुमचं नाव पहिलं पाहिजे होतं. मी लिहिताना हुद्दे बघितले, भाऊ बघितला नाही. एवढंच सांगायचं होतं."

गेणबांनी फावडं चिखलात मारलं. पाणी पुढच्या सरीला लागलं. "पाण्याची पाळी हाय," ते म्हणाले. "सरक, पाय भिजत्यात." सोपानराव बाजूला सरले. मग चालत फाट्यावर आले आणि मिळेल त्या गाडीनं घरी गेले.

परीक्षेच्या दिवशी इंदापूरच्या केंद्रावर जत्रा भरली होती. आज्या, मामा, आत्या, सगळे धडधाकट पेशंट वडापाव खात झाडाखाली बसले होते. सोपानराव आकाशी युनिफॉर्ममध्ये एकटे कोपऱ्यात. खरं तर यायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण न येता गैरहजर लागण्यापेक्षा येऊन गैरहजर लागलेलं बरं. हा टाइम ऑफिसचा हिशेब होता, दुसऱ्याला कळायचा नाही.

"माझी आजी देऊ का तुम्हाला?" संस्कृतीनं विचारलं.

"एकाच पेशंटवर दोघांची परीक्षा चालत नाही," सुकन्या मॅडम म्हणाल्या. मग हळू आवाजात, "काका, तुमचा नंबर शेवटी लावलाय. थांबा अजून."

एकोणीस जण झाले. परीक्षक पुण्याहून आलेले एक गंभीर गृहस्थ होते. त्यांनी पेन उचलून यादीवर टेकवलं. आणि दारात टोपी दिसली.

धोतराला चिखल, पायात वहाणा. दाढी मात्र आजच केलेली. गेणबा आत आले, खाट बघितली, टोपी काढून खुंटीला लावली आणि कुणाकडे न बघता सरळ आडवे झाले.

"कुठला आजार हाय मला?" त्यांनी छताला विचारलं.

"अंथरुणाला खिळलेला वृद्ध रुग्ण," परीक्षक म्हणाले. "सुरू करा."

पुस्तकात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. सोपानराव खाटेजवळ गेले. "नमस्कार. माझं नाव सोपान. मी तुमची सेवा करायला आलोय. चालेल का?"

"चाललं," गेणबा म्हणाले.

ताप घेतला. बीपी घ्यायला पट्टा बांधला तो उलटा, सोडून परत बांधला. मग कूस. एक हात खांद्यामागं, एक कमरेखाली, गुडघा दुमडलेला, "मी आता तुम्हाला माझ्याकडे वळवतोय बरं का," आणि गेणबांचं ते सगळं ओझं, हाडं आणि शेतातलं आयुष्य, हळूच त्यांच्याकडे वळलं. जमलं. किती सोपं होतं! वीस मिनिटं नव्हे, वीस सेकंदांचं काम. सोपानरावांना पुढचं दिसेना. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. ते नियमात बसत नव्हतं, मॅडमनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत.

शेवटी पाय. कोमट पाणी, मऊ फडकं. भेगांमधला काळा चिखल बोटाबोटानं निघत होता. गेणबांनी डोळे मिटले होते.

"रुग्णाला विचारा, कसं वाटतंय," परीक्षक म्हणाले.

"आबा, कसं वाटतंय?"

गेणबांनी पायाची बोटं हलवून बघितली. मग म्हणाले, "घर भरलेलं हाय माझं. पोरगा, सून, नातवंडं. समदी सणाला पाया पडत्यात. पर पायाला काय झालंय का, असं आई गेल्यापासनं कुणी इचारलं न्हवतं."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं, कागद मिटला. "ठीक आहे. परीक्षा संपली. आजोबा, उठा आता."

"त्याची संपली आसंल," गेणबा म्हणाले. डोळे उघडले नाहीत. "सोपाना, डावा पाय ऱ्हायलाय."

सोपानरावांनी पाहिलं. डावा पाय स्वच्छ होता, कोरडाही झाला होता. त्यांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.